विस्मृतीच्या यंत्रात स्मृतीची तरतूद

संगणकाने आपले प्रत्येक काम मुकाट्याने नोंदून ठेवावे, आणि त्या नोंदींवर मालकाइतकाच हक्क चोराला, जाहिरातदाराला व प्रसंगी सरकारी अंमलदारालाही सांगता यावा, अशी आजच्या यंत्रव्यवहाराची सर्वसाधारण रीत झाली असताना, ‘टेल्स’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने नेमका उलटा पण केला आहे : काम आटोपून यंत्र बंद केले की घडलेले सारे विसरून जावयाचे. डेबियन लिनक्सच्या पायावर उभारलेली, निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चालू होणारी, संगणकाच्या स्वतःच्या डिस्कला न शिवणारी आणि इंटरनेटशी आपला व्यवहार, वापरणाऱ्याची ओळख झाकणाऱ्या ‘टॉर’ नावाच्या जाळ्यातूनच करणारी ही प्रणाली २००९ साली निघाली. २०१३ साली अमेरिकी सरकारच्या हेरगिरीची गुपिते उघड करणारे एडवर्ड स्नोडेन आणि त्यांच्याकडून कागदपत्रे स्वीकारणारे पत्रकार यांच्या वापरात ती होती हे पुढे उघडकीस आल्यावर तिचा लौकिक जगभर पसरला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा प्रकल्प टॉर प्रकल्पात विलीन झाला.

परंतु संपूर्ण विस्मृती मनुष्याला मानवत नाही. रोज नव्याने वायफायचा संकेतशब्द टाकावा, रोज नव्याने कूटलेखनाच्या किल्ल्या आणाव्यात आणि कालचे अर्धे राहिलेले टिपण आज हाती नसावे, अशा स्थितीत कोणतेच दीर्घ काम तडीस जात नाही; म्हणून २०१२ पासून त्याच पेनड्राइव्हवर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड, अशा एका विभागाची तरतूद करण्यात आली. त्याला ‘पर्सिस्टंट स्टोरेज’ म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला कायम साठा म्हणू. या साठ्यात काय ठेवावे याची एक ठरीव यादी प्रणालीच पुढे करते. त्या यादीबाहेरचे काही ठेवू इच्छिणाऱ्याला त्याची रीत मार्गदर्शिकेने सांगावी की सांगू नये, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसला तरी मुळात तो लेखकाच्या जबाबदारीचा आहे, आणि त्याचा खल दक्षिण कोलकात्यातील एका मराठी घरात आमच्या कानांवर पडला. मामा सरकारी दफ्तरखान्यात उभी हयात घालविलेले. भाची पत्रकारांना व वकिलांना संगणकावरील गोपनीयतेचे धडे देणारी, आणि सध्या टेल्सची मराठी मार्गदर्शिका लिहावयास बसलेली.

भाची : मामा, बाकीची सारी प्रकरणे लिहून झाली, एकच अडून राहिले आहे. साधा फोल्डर, छपाईयंत्रे, वायफाय, टॉरचे पूल, ब्राउझरमधील खुणा, थंडरबर्डची टपाले, जीपीजीच्या किल्ल्या, ज्यादा सॉफ्टवेअर, डॉटफाइल्स, या साऱ्यांना प्रणालीने एकेक स्विच दिलेला आहे. तो चालू केला की झाले. पण याहून निराळे काही राखावयाचे असेल तर साठ्याच्या मुळाशी ‘पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ’ नावाची एक लहानशी फाइल असते. तिच्यात एका ओळीत एक, याप्रमाणे अमुक जागा साठ्यातील अमुक कप्प्याशी जोडावी असे लिहिले, की पुढच्या वेळी साठा उघडताच तो जोड आपोआप होतो. ही रीत मला दहा वाक्यांत सांगता येईल. सांगू नये असे माझे मत आहे.

मामा : अगं, मार्गदर्शिका लिहावयाची आणि मार्गाच्या तोंडावर काट्या घालावयाच्या, हा कुठला न्याय? फाइल तेथे आहे, ती लिहिता येते, आणि ज्याला थोडेफार कळते तो ती लिहीतच असणार. तू गप्प राहिलीस म्हणजे ती माहिती नाहीशी होत नाही. ती फक्त जाणत्यांची मिरास होऊन बसते, आणि अजाणत्याच्या वाट्याला ऐकीव, अर्धवट, कोणीतरी कुठेतरी उतरवून घेतलेली नक्कल येते. पुण्याच्या पेशवे दफ्तराची हकीकत तुला ठाऊक आहे. हजारो रुमाल इंग्रज सरकारने इनामांचे दावे तपासण्यासाठी जपून ठेवले, आणि अभ्यासकाला मात्र दार बंद. का, तर त्या कागदांतून काही भलते निघाले तर? दार बंद होते म्हणून मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणे का थांबले? मुळीच नाही. अस्सल कागदावाचून जे लिहिता येते तेच तेवढे लिहिले गेले. पुढे ज्यांचे घर येथून हाकेच्या अंतरावर लेक टेरेसला आहे त्या इतिहासकार जदुनाथ सरकारांनी पाठपुरावा केला, गोविंद सखाराम सरदेसायांच्या हाती काम सोपविले गेले, आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. अनर्थ काही झाला नाही. अज्ञान तेवढे कमी झाले.

भाची : त्या रुमालांतील माणसे कधीच निवर्तली होती, मामा. दार उघडल्याने कोणाच्या जिवाला अपाय होणार नव्हता. माझा वाचक जिवंत आहे, आणि तो ही मार्गदर्शिका उघडतो तेव्हा बहुधा घाबरलेला असतो. तुमच्याच शहरातील दुसऱ्या एका कचेरीचे उदाहरण मी देते. १८९७ साली येथे बोटांच्या ठशांची जगातील पहिली कचेरी स्थापन झाली. नाव बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचे झाले, तरी ठशांच्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अंमलदारांची बुद्धी होती. बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे १,०२४ खणांत ठशांचे कागद असे लावले की नवा ठसा आला म्हणजे सारे कपाट धुंडाळावे लागू नये. त्या साऱ्या विद्येचा आधार एकच : एका माणसाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही. टेल्स त्या आधारालाच हात घालते. तिचा वापर करणाऱ्या सर्वांचा ठसा शक्यतो सारखा दिसावा, म्हणजे हजारांतून एकाला निवडून काढता येऊ नये. टॉर ब्राउझर पानाचा दृश्य भागसुद्धा २०० आणि १०० पिक्सेलांच्या पटीत बसवितो. पडद्याच्या मापावरून माणूस हुडकता येऊ नये एवढ्यासाठी! अशा ठिकाणी ‘आपल्या आवडीप्रमाणे फेरफार कसा करावा’ हे शिकविणे म्हणजे ज्याला गर्दीत मिसळावयाचे आहे त्याच्या अंगावर मीच भरजरी शेला घालणे होय.

मामा : उदाहरण नामी आहे, पण ते तुझ्यावरच उलटते. गर्दीत मिसळावयाला मनुष्य मुळात गर्दीपर्यंत आला तर पाहिजे. समज, एखादी बातमीदार मुलगी आहे. माणसांशी बोलते बंगालीत, टिपणे घेते मराठीत, आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या पत्राला मजकूर धाडते. तिला दोन लिपींचे कीबोर्ड लागतात, शुद्धलेखनाचा शब्दसंग्रह लागतो, स्वतः जमविलेल्या विशेषनामांची यादी लागते. हे सारे रोज सकाळी पुसले जात असेल, तर पहिले दोन दिवस ती नेटाने काम करील, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर जाऊन बसेल, जेथे सारे आठवते, आणि सर्वांनाच आठवते. तुझ्या मौनाने तिचे रक्षण झाले काय? सोवळे इतके कडक करावे की माणसांनी पंक्तीलाच येऊ नये, यात सोवळ्याचा विजय तो कोणता?

भाची : ही गोष्ट मला मान्य आहे, किंबहुना प्रणालीच्या कर्त्यांनाही ती मान्य असावी, नाहीतर त्यांनी यादी इतकी वाढविली नसती. भाषा आणि कीबोर्ड यांची निवड आरंभीच्या पडद्यावरच होते व साठ्यात राखता येते. शब्दसंग्रह ज्यादा सॉफ्टवेअर म्हणून नोंदविला की दर वेळी साठ्यातूनच पुन्हा बसविला जातो. कार्यक्रमांच्या बारीकसारीक मांडणीच्या फाइली डॉटफाइल्सच्या कप्प्यात टाकल्या की त्यांच्या खुणा होम फोल्डरमध्ये उमटतात. तुमच्या बातमीदार मुलीचे नव्वद टक्के काम एवढ्यात भागेल, आणि तेवढे मी सविस्तर लिहिणारच आहे. पण त्यातही मेख आहे. तिने एखादा दुर्मीळ टाईप आणून बसविला आणि त्यात मजकूर लिहून पीडीएफ धाडली, तर त्या पीडीएफच्या पोटात टाईपचे नाव आणि नमुना दोन्ही जातात. जाळ्यावर तिला कोणी ओळखले नाही तरी कागद तिची ओळख सांगतो. दुसरी गोष्ट नव्या आवृत्त्यांची. दर काही आठवड्यांनी प्रणालीची सुधारलेली आवृत्ती येते. तिच्यात एखाद्या कार्यक्रमाची मांडणी कर्त्यांनी अधिक सुरक्षित केलेली असली, तरी साठ्यात राखलेली जुनी मांडणी त्या नव्या मांडणीवर चढून बसते, आणि वाचकाला वाटते आपण अद्ययावत आहोत. ठरीव यादीतील जोड कर्ते पारखून घेतात. हाताने लिहिलेल्या ओळीची पारख कोण करणार? त्या फाइलची मालकी व परवानग्या जशा हव्यात तशा नसल्या तर साठाच धड उघडावयाचा नाही, आणि मग हा माणूस भर कामाच्या वेळी माझे पान पुन्हा उघडून बसेल.

मामा : मग हे सारे तेथेच लिहून टाक! तू आत्ता मला जे सांगितलेस त्याहून चांगली प्रस्तावना त्या प्रकरणाला कोठून मिळणार? तुझी अडचण मला निराळीच दिसते. तुम्हा नव्या मंडळींना वाटते की जतन करणे हे धोक्याचे आणि पुसणे हे निर्धोक. आमच्या खात्यात आम्ही दोन्ही गोष्टी नियमाने करीत आलो. १८९१ साली या शहरात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट निघाले, पुढे राजधानीमागोमाग ते दिल्लीस गेले. पण दफ्तरी कामाचे सूत्र तेच राहिले की प्रत्येक कागदाला जन्मतःच मुदत लावावयाची. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत अजून अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग चालतात : अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १०, क-१ पाच, आणि ड वर्ग एक वर्ष. लोक समजतात दफ्तरदार म्हणजे कागद राखणारा. खरे म्हणजे दफ्तरदाराचे निम्मे कौशल्य मुदत सरलेला कागद दिरंगाई न करता, नोंद ठेवून नष्ट करण्यात आहे. तुझ्या मार्गदर्शिकेतही हेच कर. ठेवण्याची रीत सांगताना काढून टाकण्याची रीत आणि तिची मुदत सांग, वाद मिटला.

भाची : मिटला असता, जर पेनड्राइव्ह कागदासारखा जळता. येथे तुमचे शास्त्र अपुरे पडते. पहिली गोष्ट, स्विच बंद केला म्हणजे माहिती पुसली जात नाही. तो कप्पा फक्त जोडला जात नाही, आतला ऐवज तसाच पडून राहतो, आणि वेगळा हुकूम देऊन तो काढावा लागतो. हाताने लिहिलेल्या ओळीचेही तेच : ओळ खोडली तरी कप्पा जागच्या जागी. दुसरी गोष्ट याहून वाईट. फाइल पुसली तरी ती अनेकदा परत उकरून काढता येते, आणि तिच्यावर दुसरे लिहून ती घासून टाकावी म्हटले तर पेनड्राइव्हमधील चिप सर्वत्र सारखी झिजावी म्हणून तिचा नियंत्रक नवा मजकूर जुन्या जागीच लिहील याची शाश्वती नसते. जुना अंश कोठेतरी शिल्लक राहू शकतो. तेव्हा ‘ड वर्ग, एक वर्ष, मग नष्ट’ असा शेरा मारण्याची सोय माझ्या वाचकाला नाही. त्यातल्या त्यात खात्रीने पुसावयाचे तर निवडून नव्हे, सबंध साठाच मोडावा लागतो, आणि राखावयाचे तेवढे घेऊन नवा उभारावा लागतो.

मामा : पण साठा कुलूपबंद आहे ना? अंश राहिला तरी किल्लीवाचून तो वाचणार कोण?

भाची : कुलूप उत्तम आहे. साठा लक्स या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बंद होतो, २०२३ पासून त्याची दुसरी, अधिक बळकट आवृत्ती वापरात आहे, आणि पाच-सात असंबद्ध शब्दांचे परवलीचे वाक्य घेतले तर ते अंदाजाने फोडणे दुरापास्त आहे. पण साठा लपलेला नाही. ज्याच्या हाती पेनड्राइव्ह पडला त्याला येथे साठा आहे एवढे दिसतेच. आणि आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमान्वये कुलूप उघडून देण्याचा हुकूम निघाला व तो मोडला, तर सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला हे खरे. तरी हक्काला वाजवी निर्बंधांची वेस असतेच, आणि वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला निकालपत्र वाचून दाखविण्याची सवड मिळतेच असे नाही.

मामा : म्हणजे तुझ्या मते ठेवूच नये?

भाची : सखाराम गणेश देउस्करांची गोष्ट तुम्हीच मला लहानपणी सांगितली होती. मराठी घराण्यातला मनुष्य, बंगालीत लिहिणारा. ‘देशेर कथा’ १९०४ साली निघाले, लोकांनी उघडपणे घेतले, वाचले, फळीवर ठेवले. आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. फळीवरचे पुस्तक तेच होते, वाचकही तोच होता. बदलला तो केवळ सरकारी हुकूम, आणि त्या एका हुकमाने कालचा निरुपद्रवी संग्रह आज आक्षेपार्ह ठरला. तुम्ही कागदाला जन्मतः मुदत लावता, ती पुढे काय होईल हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून. माझ्या वाचकाला ते ठाऊक नाही, आणि मागाहून पुसण्याचीही खात्री नाही. म्हणून त्याचा निर्णय एकाच क्षणी होऊ शकतो : ठेवण्यापूर्वी.

मामा : हे मात्र आमच्या खात्याला सुचले नव्हते. नष्ट करण्याचा विचार आम्ही कागद जुना झाल्यावर करीत आलो. तू म्हणतेस तो कागद लिहिण्याआधी झाला पाहिजे. ठीक. मग तुझ्या प्रकरणाचे पहिले वाक्य हेच. पण हे वाक्य लिहिल्यावर रीत गाळण्याला तुझ्याजवळ सबब कोणती उरते? उलट, ज्याला हे कळले त्याच्या हाती रीत देणे अधिक सुरक्षित.

भाची : सबब वाचकाच्या सवयीची. इशारा वर, आज्ञा खाली, असे छापले की डोळा थेट आज्ञेवर जातो. मजकूर उचलला, चिकटवला, काम झाले. इशारा लिहिल्याचे पुण्य मला, आणि न वाचल्याचे पाप त्याला, अशी वाटणी मला करावयाची नाही.

मामा : मग इशारा पायरीतच गुंफ. आमच्याकडे हुकूम आणि शर्त वेगवेगळ्या कागदांवर लिहीत नसत. एकाच कलमात, ‘अमुक केल्यास अमुक मुदतीत तमुक करावे’ असे लिहिलेले असे. पहिल्या पायरीत वाचकाने काय ठेवावयाचे ते एका ओळीत स्वतः लिहावे. दुसरीत ते ठरीव यादीतील एखाद्या स्विचने भागते का ते पाहावे. भागत असेल तर त्याने तेथेच थांबावे. तिसरीत, ही वस्तू परक्याच्या हाती पडली तर तिच्यावरून आपला किंवा आपल्याशी बोललेल्या दुसऱ्या कोणाचा माग लागेल काय, हे तपासावे. आणि मगच चौथीत ती ओळ, तिच्या शेजारी ती कशी काढावी, कप्पा कसा रिकामा करावा आणि सबंध साठा केव्हा नव्याने उभारावा, हे.

भाची : तिसरी पायरी मला पहिली हवी. आपल्यासाठी धोका पत्करण्याची मुभा ज्याची त्याला आहे. पण आपल्याशी विश्वासाने बोललेल्या माणसाचे नाव आपल्या सोयीसाठी साठवून ठेवण्याची नाही. आणि नवी आवृत्ती आली की हाताने लिहिलेली प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी, ही पाचवी पायरी.

मामा : कबूल. मग ब्राउझरचीही रीत येऊ दे : एक्स्टेन्शन्स, मांडणी, जे काय असेल ते.

भाची : ती येणार नाही. इतर कार्यक्रमांत बदल केला तर धोका कोठे आहे हे मी सांगू शकते, आणि वाचक तोलू शकतो. ब्राउझर सबंध जगाला आपले तोंड दाखवितो. तेथे केलेल्या बदलाने किती माणसांतून आपण वेगळे पडलो, हे वाचकाला मोजता येत नाही आणि मलाही येत नाही. ज्याची किंमत सांगता येत नाही तो व्यवहार मी शिकविणार नाही. का शिकवीत नाही, ते मात्र त्याच पानावर स्पष्ट लिहीन.

मामा : नकार लेखी आणि सकारण असेल तर माझी हरकत निम्मी उरते. निम्मी मात्र उरतेच. तुझ्या नकारानंतरही कोणीतरी ते करणारच, आणि तुझ्याहून वाईट रीतीने करणार.

भाची : करील; पण आपण काय करतो आहोत हे माझे पान वाचलेल्याला ठाऊक असेल.

या दोघांत निवाडा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही, तरी श्रोता म्हणून मत देण्यास प्रत्यवाय नसावा. रीत दडवून वाचक सुरक्षित होत नाही, हे मामांचे म्हणणे आम्हाला सर्वस्वी पटते; ज्या प्रणालीची प्रत्येक ओळ कोणालाही तपासता येते, तिच्या मार्गदर्शिकेने गुप्ततेचा आश्रय करणे शोभतही नाही. परंतु दफ्तराचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे भाचीने दाखविले आणि वादाचे वळण तेथेच बदलले. कागदाच्या जगात जतन आणि नाश या दोन वेगळ्या वेळी करावयाच्या गोष्टी होत्या, व त्यांच्या मध्ये विचाराला अवकाश होता. चिपच्या जगात तो अवकाश भरवशाचा राहिलेला नाही, आणि म्हणून ठेवण्याची रीत शिकविणाऱ्या लेखकावर, न ठेवण्याचा विचार वाचकाकडून आधी करवून घेण्याची जबाबदारी येऊन पडते. ब्राउझरच्या प्रश्नावर आमचा कौल भाचीकडे आहे, तो एका अटीवर : तिने नकाराचे कारण लिहिण्याचे वचन पाळावे, आणि ज्या दिवशी कोणी तो धोका मोजून दाखवील त्या दिवशी ते पान पुन्हा लिहावे.